धक्क्याखालचे पाहुणे

४ मार्च

धाकट्या,

तुझ्या वकिलाची नोटीस मिळाली. "यापुढे आमच्या अशिलांना जे काही सांगायचे ते लेखी सांगावे, त्यांच्या कार्यालयात येऊन आरडाओरडा करू नये." बरं. घे लेखी. अशील म्हणजे तू, हे मला शेजारच्या बर्फवाल्याने समजावलं. मी म्हटलं, याचा शेंबूड मी पुसलाय, हा अशील कधी झाला?

वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. सध्या शिल्लक नाहीत. उरले तर कळवीन.

आता मुद्द्याचं. मत्स्य खात्याची बाई आली होती. पट्टी काढली, जाळं ओलं करून भोकं मोजली. नव्या कायद्यापेक्षा बारीक निघाली. जाळं जप्त, वर ठपका. पोरगी तरुण आहे पण कामाला चोख. उगाच गोड बोलली नाही, म्हणून मला बरी वाटली. मी विचारलं, "एवढे धक्के सोडून नेमकी माझ्याच दारात कशी उगवलीस गं?" ती म्हणाली, "तक्रार आली होती, आजी." नाव नाही सांगितलं. सांगायला कशाला हवं? ते जाळं बाबांनी विणलेलं. त्याची भोकं केवढी आहेत हे जगात दोघांनाच माहीत. त्यातली एक मी. आणि मी काही माझीच तक्रार केलेली नाही.

का केलीस तेही कळतंय. मी चौथीत शाळा सोडली, अक्कल नाही सोडली. सगळ्या देशाला नवा कायदा आलाय. एका खाडीच्या तोंडाशी एकच धंदा. जाळं तर जाळं, पिंजरे तर पिंजरे. आपल्या खाडीची सुनावणी मेच्या शेवटी. एक तर तुझे माशांचे पिंजरे राहणार, नाहीतर माझं जाळं. आणि ज्याच्यावर ठपका त्याचं पारडं हलकं. म्हणून आधी माझ्यावर ठपका लावून घेतलास. शाब्बास. बहिणीची तक्रार करायला माणसाला शिकलेलं असावं लागतं.

बाबा संध्याकाळी धक्क्याला लागले की वल्ह्याने होडीच्या काठावर तीनदा ठोकायचे, आठवतं? ठोकलं की आपण टोपली घेऊन खाली पळायचं. एक कडी माझ्या हातात, दुसरी तुझ्या. तू हटकून अर्ध्या वाटेत तुझी कडी सोडायचास आणि ओझं माझ्या अंगावर. होडी सोडून पिंजरे घेतलेस तेव्हा लोक म्हणाले, अरेरे, कसा बदलला. मी म्हटलं, कुठे बदलला? तसाच आहे.

थोरली

१८ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर आलं. एवढुसं. "कायदा सगळ्यांना सारखा असतो, ताई." खाली सही, सहीखाली शिक्का. बहिणीला पत्र लिहिताना शिक्का मारणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

सारखा असतो ना? लिहून दिलंयस. जपून ठेवते.

तू विचारलंयस की मी नवीन जाळं घेतलं का. तुला काय करायचंय? विणतेय. मोठ्या भोकांचं, कायद्याच्या मापाचं. त्या बाईने मला एक पट्टी दिलीय, प्रत्येक ओळीला लावून बघते. बाबांचं जाळं बारीकच होतं, ते मी तिच्या तोंडावर कबूल केलं. बारीक जाळ्यात पिल्लं अडकतात, पिल्लं संपली की मासा संपतो, हे कळायला काय डॉक्टर व्हावं लागतं? कायद्याशी माझं भांडण नाही. तो तुझ्या तोंडून ऐकावा लागतो, त्याच्याशी आहे.

आणि ते सकाळी सकाळी बडवणं बंद कर. तू समोरच्या काठाला तराफ्यावर उभा राहून खुराक टाकतोस ते मला इथून दिसतं. एवढा शेठ झालास, शिक्के मारतोस, पण खुराक टाकायला माणूस ठेवत नाहीस. दुसऱ्याच्या हातून जास्त पडेल अशी भीती. आधी दांड्याने काहीतरी बडवतोस, मग टाकतोस. तो आवाज पाण्यावरून सरळ माझ्या उशाशी येतो. माशांना जेवायला काय हाका मारायच्या असतात? आमच्या वेळी मासे आपापलं शोधून खायचे.

थोरली

७ एप्रिल

धाकट्या,

परवाच्या वादळात काही मोडलं का, असं खात्याने सगळ्यांना विचारलं. तू लिहून दिलंस, "काही नाही." त्या बाईनेच सांगितलं.

मग माझ्या धक्क्याखाली कोण राहायला आलंय?

काल उरलंसुरलं टाकायला डबा घेऊन फळीच्या टोकाला गेले. बुडाला चिकटलं होतं म्हणून डबा फळीवर आपटला. खालून पाणी उकळल्यासारखं झालं. मी मागे सरकले. मासे. एकावर एक, तोंडं वर काढून. आमच्या नदीचा मासा माणसाची सावली दिसली की पळतो, हे शिट्टी मारल्यावर कुत्री यावीत तसे आले. नाकं बोथट, शेपट्या झिजलेल्या, पाठीवरच्या पराला दोन खाचा. पिंजऱ्यात जाळीला घासून घासून शेपट्या अशा होतात, आणि दोन खाचा ही तुझी खूण. प्रत्येक पिंजरेवाल्याची खूण वेगळी असते, तूच मला मिरवून दाखवली होतीस, आपलं बोलणं होतं तेव्हा.

तर तुझा पिंजरा फाटला. तू रातोरात शिवून घेतलास आणि गप्प बसलास. मांजर डोळे मिटून दूध पितं.

कायदा मला आता पाठ झालाय, तुझ्याच कृपेने. मासे सुटले की त्याच दिवशी कळवायचं. कळवलं तर दंड, लपवलं तर परवाना रद्द. उगाच नाही तो नियम. हे तुझे गुबगुबीत पाहुणे उद्या नदीत शिरतील, आमच्या माशाची अंडी खातील, त्यांच्यात मिसळतील. मग पाच-दहा वर्षांनी नदीतून येणारा मासासुद्धा माणूस दिसला की जेवायला मागेल.

मी एक उचलून खात्याच्या टेबलावर नेऊन टाकला असता. पण मासेमारीला बंदीचा काळ चालू आहे. एक शेपटी हातात सापडली तर माझा परवाना गेलाच, वर आधीचा ठपका आहे. म्हणून लेखी सांगते. तू स्वतः जा आणि सांग. सुनावणीच्या आत. मी तुझ्यासारखी पाठीमागून तक्रार करत नाही. तोंडावर सांगून करते.

थोरली

२२ एप्रिल

धाकट्या,

स्वतः यायची छाती नव्हती म्हणून बायकोला पाठवलंस. बिचारी पिशवीभर फळं घेऊन आली. मी म्हटलं, "आजारी नाहीये मी."

ती म्हणाली, "वन्सं, रागावू नका. ते म्हणतायत ते मासे आमचे नाहीतच."

"मग आलीस कशाला?"

ती पिशवीचे बंद चाळवत बसली. तुझी बायको खोटं बोलायला कच्ची आहे, एवढा एक गुण आहे तिच्यात. मग पदर डोळ्याला. "वन्सं, आमचं घर त्या पिंजऱ्यांवर उभं आहे."

मी म्हटलं, "आणि माझं कशावर उभं आहे? ढगावर? खाडीचं तोंड तुम्हाला गेलं की मी जाळं काय विहिरीत टाकू?"

त्यावर म्हणते, "ते म्हणालेत, परवाना मिळाला की तुम्हाला पॅकिंगच्या खोलीत बसवू. नुसतं लक्ष ठेवायचं. तुमच्यासाठी खुर्ची टाकू."

खुर्ची! मी खुर्चीत बसून मेलेल्या माशांवर लक्ष ठेवू? पळतील म्हणून? तुझे जिवंत असतानाच पळाले, तेव्हा कुठे होतं लक्ष?

ती हसली. खरंच हसली, डोळ्यांत पाणी असताना. मग तिला वाईट वाटलं असावं, उठली. फळं परत दिली. केळी ठेवून घेतली, ती नरम होती, परत नेईपर्यंत टिकली नसती.

जाता जाता तिने खाली पाण्यात बघितलं. तेव्हा काही नव्हतं. ती म्हणाली, "दिसत तर नाहीत." मी म्हटलं, "डबा आणल्याशिवाय येत नाहीत." तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी त्यांना रोज जेवण घालतेय. घालत नाही. उरलंसुरलं टाकते. त्यांना शोधून खायचं माहीत नाही, नुसते उभे राहून वाट बघतात आणि वाळत चाललेत. सुनावणीपर्यंत पुरावा जगला पाहिजे, बाकी काही नाही.

थोरली

१२ मे

धाकट्या,

मी खात्यात जाऊन सांगितलं. लपवून नाही, तुला कळवतेय.

बाई दोनदा आली हातजाळं घेऊन. दोन्ही वेळा पाणी रिकामं. मासे खांबांच्या आत जाऊन बसतात, तिथे जाळं शिरत नाही. दोन्ही वेळा ती दुपारची आली आणि मी बाजारात. ती म्हणाली, "आजी, मला पटतंय. पण पटणं कागदावर लावता येत नाही. मासा हातात पाहिजे."

अजून वेळ आहे. स्वतः सांग. तिसऱ्यांदा सांगणार नाही.

थोरली

१ जून

धाकट्या,

काल सुनावणी संपताच तू निघून गेलास, ऐकून घेतलं नाहीस. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या तुझा वकील दुसरंच काही रंगवायला नको.

लिलावाची शेड भरली होती. खुर्चीवर खात्याचे साहेब. तुझा वकील उठला. "या बाई वृद्ध आहेत. अशिलांच्या भगिनी आहेत. घरगुती वैर आहे." मग माझ्याकडे वळून गोड आवाजात, "आजीबाई, तुम्हाला चष्मा आहे का?"

मी म्हटलं, "आहे. घरी आहे. तुम्हाला बघायला लागत नाही."

लोक हसले. तू पण हसलास, मी पाहिलं. वकिलाने कागद वाचला. पाणबुड्यांनी पिंजरा तपासला, एकही भोक नाही. मी विचारलं, "वादळाच्या आधी तपासला की शिवून झाल्यावर?" तो म्हणाला, "हा प्रश्न गैरलागू आहे." म्हणजे लागला.

मग मी साहेबांना म्हटलं, "इथून माझा धक्का हाकेवर आहे. चला, दाखवते. नाही दिसले तर खाडी त्याची." ते माझ्या तोंडून गेलं. बर्फवाला मागून कुजबुजला, "ताई, असं काय बोलून बसलात?" पण बोलले ते बोलले.

सगळी वरात धक्क्यावर. मी डबा आणला. मी डबा पाण्यावर धरला आणि हलवला. खुळखुळ खुळखुळ. काही नाही. अजून हलवला. पाणी जसंच्या तसं. मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, भाकड डबा आहे." साहेबांनी घड्याळ बघितलं. ती खात्याची बाई हातजाळं घेऊन उभी.

मला कळेना. रोज येतात, आजच काय झालं? मी वाकून खाली टाकलं डब्यातलं सगळं. ते तरंगत गेलं.

आणि तू कठड्याला टेकून मोठ्याने हसलास. "काय ताई, पाहुणे आज उपाशीच?" असं म्हणून कठड्यावर थापा मारल्यास. धप, धप, धप. लहानपणापासून तुझी सवय, जिंकलास की हात आपटायचा.

लाकडाचा कठडा, खालपर्यंत लाकडाचेच खांब. थाप सरळ पाण्यात गेली.

आले. सगळे आले. माझ्या डब्याकडे नाही, तुझ्याकडे. तू उभा होतास त्या खांबाखाली एकावर एक चढले, तोंडं उघडी. तुझी बायको म्हणाली, "अहो, हात काढा." पण हात काढून काय होणार होतं? ते तुला ओळखत होते.

बाई गुडघ्यावर बसली, हातजाळं घातलं, एक वर काढला. पराला दोन खाचा. साहेबांनी विचारलं, "हे कुणाचे?" वकिलाने तुझी बाही ओढली. आणि तू म्हणालास, "माझे."

ते एक बरं केलंस. त्याबद्दल इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर विसरले असं होणार नाही.

मला वाटलं होतं त्या घटकेला मजा येईल. एवढे दिवस वाट बघत होते. आली नाही. असो.

थोरली

१५ जून

धाकट्या,

निकाल मिळाला असेल. तुझा परवाना रद्द, पिंजरे हलवायचे, खाडीचं तोंड जाळ्याला. माझं जुनं जाळं परत मिळणार नाही. मिळू नये. नवीन विणून झालंय.

आणि तुझं पत्र. यावेळी शिक्का नाही. "तू त्यांना बोलावलंस, ताई. माझं घर तू मोडलंस." शिवाय खाली एक ओळ खोडलीय, ती उजेडासमोर धरूनही वाचता आली नाही. वाचायची एवढी इच्छाही नव्हती.

मी बोलावलं? मी तर डबा हलवत वेड्यासारखी उभी होते, कुत्रंही आलं नाही. बोलावलंस तू.

पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत राहिला. माझ्याकडे रोज येत होते ते का येत होते? उरल्यासुरल्यासाठी नव्हे, ते तर त्या दिवशीही होतं. म्हणून तुझं पत्र वाचल्यावर गेले आणि डबा हळूच ठेवला. काही नाही. एकदा आपटला. काही नाही. मग म्हटलं, जाऊ दे, रोजच्यासारखं करते. डोळे मिटले आणि हाताला करू दिलं.

हाताने तीनदा आपटला.

चिकटलेलं सुटायला एकदा पुरतं. पण माझा हात तीनदाच आपटतो. दरवाजाची फळी लावताना तीनदा. वल्हं झटकताना तीनदा. एवढं वय झालं, कधी लक्षात आलं नाही. आणि तू सकाळी तराफ्यावर दांड्याने बडवतोस ते, माझी झोप मोडायची म्हणून मी कधी मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जागी राहून मोजलं.

गाढवा, तू त्या माशांना बाबांची हाक शिकवलीस. आणि तुला ठाऊकसुद्धा नाही.

तेव्हा मी घर मोडलं आणि तू बहीण विकलीस हे भांडण चालू राहू दे, मला कंटाळा नाही. पण त्यांना बोलावलं कोणी, हे विचारायचं असेल तर ज्याला विचारायचं तो आता आपल्यात नाही. असता तर दोघांच्या थोबाडीत मारली असती. तुझ्या जरा जास्त.

आता कामाचं. बाई येऊन गेली. हुकूम असा आहे की सुटलेले मासे ज्याचे त्याने पकडून न्यायचे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मीही नाही. ते अजून धक्क्याखाली आहेत, आणि नदीला पाणी चढलं की वर जातील. त्याच्या आत ये. जाळं तुझं आण, माझं देणार नाही. माझ्या धक्क्यावर पाय ठेवायला ही लेखी परवानगी समज आणि तुझ्या वकिलाला दाखव.

सकाळचा ये. दार बंद असेल, वाजवू नकोस. सरळ फळीच्या टोकाला जा आणि ठोक. पण दोनदा ठोक. दोनदा ठोकलं तरी येतात, मी करून बघितलंय, माशांना काही मोजता येत नाही.

तीनदा ठोकू नकोस. तीनदा ठोकलंस तर मी टोपली घेऊन खाली येईन, पायांना सवय आहे, आणि मला तुझं तोंड बघायचं नाहीये.

थोरली